फिल्मसाठी केलेलं म्युझिक डान्स शोला का चालत नाही? आणि उलट पण

अर्धीमात्रा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आतापर्यंत मी गाणी अरेंज करत होते, म्हणजे कोणीतरी चाल घेऊन येणार आणि मी त्याला कीबोर्ड, बास, थोडे स्ट्रिंग्ज घालून ट्रॅक बांधून देणार. या वर्षी दोन वेगळीच कामं एकदम आली आणि दोन्हीला मी आनंदाने हो म्हणून बसले. एक १८ मिनिटांची शॉर्ट फिल्म, पूर्ण बॅकग्राउंड म्युझिक माझं. दुसरा स्टेजवरचा डान्स शो, ४० मिनिटांचा, नऊ डान्सर, सगळं म्युझिक नवीन करायचं आणि रेकॉर्डेड ट्रॅकवर नाचणार, लाइव्ह वाजवणारं कोणी नाही.

फिल्ममध्ये एक सीन आहे, एक बाई रिकाम्या घरात फिरते, साडेतीन मिनिटं. त्याला मी लांब लांब पॅड (कीबोर्डवरचे ताणून धरलेले सूर) आणि मधूनमधून पियानोचे दोन-तीन सूर असं केलं, लय अशी नाहीच. डायरेक्टर म्हणाले छान आहे पण फार आहे, "मला बाई दिसेना, तुमचं म्युझिकच दिसतंय". आवाज कमी करून दिला तरी तेच. मग मी शहाणपणा केला, तोच तुकडा वाया कशाला घालवा म्हणून थोडा वाढवून डान्सच्या दुसऱ्या भागाला दिला. तालमीला गेले. नऊ जण उभे, ट्रॅक लागला आणि चाळीस सेकंदांत तिघं एका मापात, सहा जण दुसऱ्या. कोरिओग्राफर ताई अजिबात चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "सुंदर आहे गं, पण यात आम्ही पाय कुठे ठेवायचा?"

उलटं पण झालं. डान्ससाठी केलेला ठेक्याचा तुकडा सहज डायरेक्टरना ऐकवला तर म्हणे हे ट्रेलरसारखं वाटतं. वर फिल्मच्या रफ कटवर त्यांनी आधीच दुसऱ्या एका मोठ्या फिल्मचं म्युझिक लावून ठेवलंय आणि मला सांगतात "असंच पाहिजे, पण वेगळं".

तर प्रश्न असा की हे दोन्ही शिकायचं कुठून सुरू करू? मुळात हे एकच काम आहे की दोन वेगळी? आणि ते "असंच पण वेगळं" चं काय करतात तुम्ही लोक?

---

टेबलामागचा

दोन वेगळी कामं आहेत. मी फिल्मवालं बोलतो, डान्सचं कोणीतरी जाणकार सांगेलच.

डायरेक्टर "फार आहे" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा आवाजाबद्दल बोलत नसतो, म्हणून फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढून उपयोग झाला नाही. बाई रिकाम्या घरात एकटी फिरतेय हे चित्रात दिसतंयच. पॅड पण सांगतोय एकटी आहे, पियानो पण सांगतोय एकटी आहे. तीन जण एकच गोष्ट सांगायला लागले की जो सगळ्यात मोठ्याने सांगतो तो खटकतो, आणि तो नेहमी म्युझिकवालाच असतो. एक करून बघा, सगळं काढा आणि फक्त एक सूर ठेवा, चेलोचा म्हणा, हलका, आणि तो पण सीनच्या मधे कुठेतरी सुरू होणारा.

आत कुठून यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. शॉट बदलला की त्याच क्षणी म्युझिक सुरू केलं तर प्रेक्षकाला दारावर थाप पडल्यासारखं कळतं की आता म्युझिक आलं. त्यापेक्षा बाईने टेबलावर किल्ल्या टाकल्या, खण्ण झालं, त्या आवाजाच्या शेपटीत तुमचा सूर सोडा. कोणाला कळणार पण नाही कधी आत आला. बाहेर पडताना पण तसंच.

आणि सूर लावायच्या आधी डायरेक्टरबरोबर बसून अख्खी फिल्म म्युझिकशिवाय बघा. ते लावून ठेवलेलं म्युझिक म्यूट करायला लावा, नाही म्हणाले तरी हट्ट करा. टाइमकोड लिहीत जा, इथे सुरू, इथे बंद, आणि शेजारी "का". स्पॉटिंग म्हणतात याला. "का" चा रकाना भरता आला नाही तर तिथे म्युझिक नको. १८ मिनिटांत सहा-सात मिनिटंच म्युझिक निघालं तर घाबरू नका, पैसे मिनिटावर घेतले नसतील तर 😄

आता थोडं गणित, कारण गाण्यातून आलेल्या लोकांना इथेच घाम फुटतो. समजा सीन सुरू झाल्यापासून ३७.५ सेकंदांनी ती कपाट उघडते आणि तिथे तुम्हाला काहीतरी बदल हवाय. टेम्पो ९६ ठेवा, म्हणजे मिनिटाला ९६ बीट. एक बीट ०.६२५ सेकंदाचा, म्हणजे ६० बीट बरोबर ३७.५ सेकंदांत, म्हणजे चार-चार बीटचे पंधरा बार पूर्ण होऊन सोळाव्याची पहिली मात्रा कपाटावर. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची असेल तर या टेम्पोला एक बीट म्हणजे नेमक्या १५ फ्रेम. ९० ला १६ फ्रेम, १२० ला १२. आधी चित्रातल्या जागा मोजायच्या आणि मग टेम्पो शोधायचा, आपण गाण्यात करतो त्याच्या उलट. पण प्रत्येक हालचालीवर मारत बसू नका, कपाटावर एक, पायरीवर एक, डोळे मिचकावले तिथे एक. त्याला कार्टूनवरून मिकी माउसिंग म्हणतात ते उगाच नाही. १९३३ मध्ये संगीतकार मॅक्स स्टायनरने 'किंग काँग'ला पावलापावलाला चिकटलेलं म्युझिक दिलं तेव्हा ते नवीन होतं, आज हसू येतं.

हो, आणि एडिटरला विचारा फिल्म २४ ची आहे की २३.९७६ ची. फरक एक हजारांशाचा, पण १८ मिनिटांत तो एक सेकंदाहून थोडा जास्त होतो. शेवटच्या सीनला सगळं घसरलेलं असतं आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

"असंच पण वेगळं" हा जुना रोग आहे, एडिटवर तात्पुरतं लावलेल्या त्या म्युझिकला टेम्प ट्रॅक म्हणतात. डायरेक्टर तीन महिने एडिटच्या खोलीत तेच ऐकतो आणि त्याला त्याची सवय लागते, मग तुमचं काहीही त्याला परकं वाटतं. यात तुमची चूक नाही. '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थने म्युझिक लिहून रेकॉर्ड पण केलं होतं, आणि १९६८ मध्ये फिल्म आली ती डायरेक्टर कुब्रिकने एडिटला लावलेल्या जुन्याच म्युझिकसकट. नॉर्थसारख्या मोठ्या संगीतकाराचं हे झालं तर आपण कोण. माझा उपाय असा की त्यांना विचारायचं, यातलं नेमकं काय आवडतं? वेग? वाद्य? की ते एका जागी थांबतं ते? उत्तर जवळजवळ कधीच "चाल" असं येत नाही. जे आवडतं तेवढं घ्यायचं, बाकी आपलं.

पण डायरेक्टर म्हणेल तेच ब्रह्मवाक्य असंही नाही. 'सायको'च्या शॉवरच्या सीनला हिचकॉकला आधी म्युझिकच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरी नुसत्या स्ट्रिंग्जवर लिहून ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं. वाद घालू नका, करून ऐकवा.

---

जुनी_कॅसेट

नवीन म्युझिक म्हणता पण सगळं एकच ऐकू येतं हल्ली. खालून घुंऽऽ करणारा एक सूर, मग ढँऽऽग, मग पियानोवर तीन सूर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) लावून. फिल्म असो नाहीतर स्टेज. डोळे मिटले तर कुठल्या फिल्ममध्ये बसलोय ते कळत नाही.

---

टेबलामागचा

@जुनी_कॅसेट अर्धं खरं. कारण वर सांगितलं तेच, टेम्प ट्रॅकची नक्कल, मग ती नक्कल पुढच्या फिल्मचा टेम्प ट्रॅक, मग त्याची नक्कल. त्यात सगळ्यांकडे त्याच सॅम्पल लायब्रऱ्या (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे तयार संच). पण घुंऽऽ ला शिव्या देऊ नका हो, डायलॉगच्या खाली तेच बसतं. बोलणं स्पष्ट कळायला साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो, तिथे व्हायोलिन किंवा बासरी घातली की ती माणसाशी भांडते. म्हणून सगळे खाली पळतात. एखादं वाद्य स्वतः वाजवून घाला, बेसूर वाजलं तरी ते दुसऱ्या कोणाकडे नसतं.

---

पाचसहासातआठ

मी नाचते आणि आता बसवते पण. अर्धीमात्रा ताई, तुमच्या कोरिओग्राफरनी एका वाक्यात सगळं सांगितलंय, "पाय कुठे ठेवायचा". मी जरा फोड करून सांगते.

फिल्ममध्ये चित्र आधीच तयार आहे, त्याला वेळ कळलेली आहे, तुमचं म्युझिक त्याच्या मागे आलं तरी चालतं. स्टेजवर तसं नाही, तिथे वेळ तुमच्याकडूनच मिळते. तुमचा ट्रॅक म्हणजे आमची जमीन. नऊ जणांना एकाच क्षणी उजवा पाय टाकायचा असेल तर तो क्षण नऊ जणांना आधीपासून दिसत यायला पाहिजे. लक्षात घ्या, "आधीपासून". सम आल्यावर सम कळून उपयोग नाही. तिहाई कशी, एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्या वेळी आपण सगळे मान पुढे करून समेची वाट बघत असतो, तसं काहीतरी तुमच्या म्युझिकमध्ये पाहिजे. ड्रमच पाहिजे असं नाही हं. श्वास घेतल्यासारखा एक उठाव, एखादा घासल्यासारखा आवाज जो दर आठ बीटला येतो, तेवढं पुरतं. तुमच्या पॅडमध्ये असं काही नव्हतं म्हणून तीन जणांनी पियानोला धरलं आणि सहा जणांनी मनातल्या मनात मोजलं. दोघांची चूक नाही.

आता माझं आवडतं भांडण. म्युझिकवाले टेम्पो "थोडासा" वाढवतात, १२० चा १४०, एनर्जी येते म्हणून. खुर्चीत बसून खरंच येते. पण आम्ही हवेत असतो ना! शरीर ३० सेंटीमीटर वर गेलं की खाली यायला मिळून साधारण अर्धा सेकंद लागतो, कोणीही असो, कितीही रियाज केलेला असो, गुरुत्वाकर्षणाला त्याचं काही नाही. १२० च्या टेम्पोला अर्धा सेकंद म्हणजे बरोबर एक बीट. उडी एका बीटवर, पाय पुढच्या बीटवर, सुंदर बसतं. १४० ला बीट ०.४३ सेकंदाचा झाला, आता त्या वेळात उतरायचं तर उडी बावीस-तेवीस सेंटीमीटरचीच मारावी लागते. म्हणजे तुम्ही एनर्जी वाढवायला गेलात आणि उड्या बुटक्या झाल्या. उलट पण, हळू केलं तर उतरल्यावर पुढच्या बीटची वाट बघत उभं राहायचं, ते प्रेक्षकांना दिसतं. तर टेम्पो बदलायचा असेल तर तालमीला या, बसून नका ठरवू.

आम्ही आठ-आठ मोजतो, तुमचे बार आम्हाला माहीत नसतात. तुम्ही सात बारचा फ्रेज केला तर आमच्यासाठी तो तीन आठ आणि वर चार. चालेल, पण सांगा! कागदावर लिहून द्या, इथे चार जास्त आहेत, इथे दोन काउंट गप्प. पूर्वी हे उलट दिशेने व्हायचं, कोरिओग्राफर पेतिपा संगीतकार त्चायकोव्स्कीला लिहून द्यायचा की इथे इतके बार, अशा चालीचे, इथे हे घडतं. 'नटक्रॅकर' बॅले (१८९२) असाच झाला. कोणाला वाटेल अशा मापात बांधून घेतल्यावर म्युझिक मरेल, मेलं का?

आणि मोजणी हाताबाहेर गेली की काय होतं ते पॅरिसला २९ मे १९१३ ला झालं, स्ट्राविन्स्कीच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला. ताल सतत बदलणारा, प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की डान्सरना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, शेवटी कोरिओग्राफर निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून ओरडून काउंट देत होता. म्युझिक अप्रतिम आहे हो, मी रोज ऐकेन. पण विंगेतल्या त्या माणसाची आठवण ठेवा.

सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात मोठी विनंती. लांबी एकदा ठरली की हात लावू नका. आमच्याकडे एकदा शोच्या चार दिवस आधी म्युझिकवाल्याने "मिक्स सुधारून" नवीन फाइल पाठवली, ऐकायला खरंच छान, पण मधला एक गॅप त्याला लांब वाटला म्हणून त्याने दोन सेकंद कापले होते आणि सांगितलं नाही. त्या दोन सेकंदांत एक मुलगी स्टेजच्या डावीकडून उजवीकडे जात होती. तालमीत ती मधोमध असताना दिवे आले आणि बाकीचे सुरू झाले, तिने पण बिचारीने काहीतरी केलं. त्याला तो गॅप रिकामा वाटला, आमच्यासाठी तो भरलेला होता.

---

रिकामी_खुर्ची

वरच्या सगळ्याला थोडा छेद देतो. म्युझिक आणि डान्स मापात बसलेच पाहिजेत हे कोणी ठरवलं? कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी कित्येक वर्षं दोन्ही वेगवेगळं केलं. ठरलेली एकच गोष्ट म्हणजे एकूण लांबी. डान्सर गप्प खोलीत स्टॉपवॉच लावून तालीम करायचे, आणि म्युझिक बऱ्याचदा पहिल्या प्रयोगालाच ऐकायचे. त्यात जे योगायोग घडतात ते कोणाला ठरवून जमणार नाहीत. तुमचा तो लय नसलेला पॅड तसाच ठेवून बघा ना.

---

पाचसहासातआठ

@रिकामी_खुर्ची मान्य आहे, मी पण तसं थोडं केलंय आणि मजा येते. पण ते डान्सर वर्षानुवर्षं शांततेत एकमेकांच्या श्वासावर नाचायला शिकलेले होते. ज्यांनी ठेक्यावर बसवलंय त्यांच्या खालचा ठेका शो जवळ आल्यावर काढून घेणं म्हणजे प्रयोग नाही, छळ आहे. आणि तिथे पण लांबी ठरलेलीच होती हे तुम्हीच लिहिलंय 🙂

ताई, त्या पॅडचं एक होऊ शकतं. जिथे एकच डान्सर आहे तिथे वापरा. एकटी असली की ती स्वतःच्या वेळेवर नाचू शकते, तिला फक्त दोन-तीन खुणा द्या, पियानोचा सूर आला की वळ, दुसरा आला की खाली बस. नऊ जण परत आले की ठेका परत आणा.

---

फेडरवाला

मी स्टेजला साउंड बघतो. तुम्ही लोक काय कंपोज करता ते मला शो सुरू व्हायच्या तासभर आधी कळतं, पेन ड्राइव्हवर, बहुतेक फोनवरून आलेली फाइल. म्हणून माझं ऐका जरा.

एमपीथ्री नको. ऐकायला चालतं पण फाइलच्या सुरुवातीला एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) थोडीशी शांतता घालतो, दोन तुकडे जोडून वाजवायचे असले किंवा लूप करायचा असला की तिथे उचकी लागते. वेव्ह (न दाबलेली फाइल) द्या, आणि सगळ्या फाइल एकाच सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली तो आकडा) द्या. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल कुठलंतरी मशीन ४८ समजून वाजवतं तेव्हा ती जवळजवळ नऊ टक्के पळते आणि सूर दीड सेमीटोनच्या आसपास चढतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, डान्सर जीव तोडून नाचत होत्या आणि गाणारी बाई कार्टूनसारखी गात होती. नऊ टक्के म्हणजे १२० चा टेम्पो १३० च्या वर, आता वरचं उडीचं गणित लावा.

४० मिनिटांची एकच फाइल पण नको. ज्या जागी स्टेजवर काहीतरी अडकू शकतं, कपडे बदलणं, एखादी वस्तू आत आणणं, तिथे तोडा. त्या जागी चार किंवा आठ बारचा असा तुकडा करून द्या की तो फिरत राहिला तरी चालेल, मी लूपवर ठेवतो आणि त्या तयार झाल्या की गो दाबून पुढचा क्यू (ठरलेला पुढचा तुकडा) सोडतो. हा फिरता तुकडा मुद्दाम साधा ठेवा, त्यात एखादी ठसठशीत चाल असली की तिसऱ्या फेरीला प्रेक्षकाला कळतं की आत काहीतरी फसलंय.

आता तुमच्यापैकी कोणी विचारात घेत नाही ती गोष्ट. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. मोठे स्पीकर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागच्या रांगेतली डान्सर १५ मीटर मागे असेल तर तिला बीट पुढचीपेक्षा साधारण ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तो पण स्पीकरच्या पाठीमागून, नुसता बास, घुमलेला. म्हणून मागची रांग नेहमी किंचित मागे दिसते आणि कोरिओग्राफर त्यांना ओरडते. त्यांचा काही दोष नसतो. विंगेत दोन्ही बाजूंना स्पीकर लावून घ्या आणि त्यात बास कमी, ठेक्याचा कट्‌ कट्‌ आवाज जास्त. म्हणूनच ठेका नुसत्या खालच्या आवाजावर बांधू नका. खालचा आवाज अंगात जाणवतो पण नेमका कुठे पडला ते कळत नाही, वर एखादा कोरडा टोकदार आवाज लागतोच, लाकडी, टाळी, काहीही. तुमच्या हेडफोनमध्ये तो टोचेल, टोचू दे.

जमलं तर स्टेम पण द्या, ठेका वेगळा, बाकीचं वेगळं. मग हॉलमध्ये घुमलं तर मी ठेका वर घेऊ शकतो, नाहीतर सगळंच वर घ्यावं लागतं.

---

जुनी_कॅसेट

वरचं वाचून माझा राग जरा उतरला. ढँऽऽग ला मापाचा पण धरबंध असतो हे माहीत नव्हतं.

---

अर्धीमात्रा

बापरे, किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. आठवडाभर एकेक करून बघितलं, आता सांगते काय झालं.

फिल्म : डायरेक्टरना पटवून अख्खी फिल्म म्यूट करून बघितली. पहिली पाच मिनिटं त्यांची चुळबुळ, मग स्वतःच म्हणाले इथे नको, इथे पण नको. त्या बाईच्या सीनला आता फक्त शेवटच्या मिनिटाला एक सूर आहे, तो पण मी घरी पडलेल्या जुन्या हार्मोनियमवर काढला, त्याच्या भात्याची फुसफुस पण ठेवली. किल्ल्यांच्या आवाजात सुरू होतो. ऐकून डायरेक्टर काहीच बोलले नाहीत, परत लावा म्हणाले, दोनदा. आणि फिल्म खरंच २३.९७६ ची निघाली, माझा प्रोजेक्ट २४ वर होता 🙏 टेम्प ट्रॅकमधलं काय आवडतं विचारलं तर बराच वेळ विचार करून म्हणाले "ते घाई करत नाही". एवढंच होतं ते! मी महिनाभर चाल शोधत होते.

डान्स : पॅडचा तुकडा आता एकटीच्या भागाला गेला, तीन खुणा ठेवल्या. नऊ जणांच्या भागाला ११२ चा ठेका केला होता, तालमीला लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांना उड्या मारायला लावून टेम्पो कमी-जास्त करत बसलो, ११६ वर एकदम सगळ्यांचे पाय एकत्र पडले, लाकडी फळीवर एकच धप्प. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला, आणि मग मी तोच आवाज फोनवर रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये दर आठाला घातला. पाय कुठे ठेवायचा याचं उत्तर त्यांच्याच पायांनी दिलं म्हणा.

एक अडचण राहिली. तिसऱ्या भागात ताईंना आठ काउंट वाढवून हवेत आणि शो दहा दिवसांवर. वाढवू का?

---

पाचसहासातआठ

त्या मागतायत ना? मग वाढवा, आजच, आणि नऊच्या नऊ जणांना नवीन फाइल मिळेल आणि जुनी डिलीट होईल असं बघा. घोळ नवीन फाइलने होत नाही, अर्ध्या जणांकडे जुनी राहिल्याने होतो. फाइलच्या नावात तारीख टाका. आणि तो पायांचा आवाज आरशाशिवाय नाचताना फार उपयोगाला येईल बघा, मला पण सुचलं नव्हतं.

---

टेबलामागचा

हार्मोनियमची फुसफुस ठेवलीत हे बेस्ट. फायनल मिक्स करणारा ती नॉइज समजून साफ करेल, त्याला आधीच लिहून कळवा.

---

फेडरवाला

११६ चा तुकडा सगळ्यांनी फोनवर ऐकून पाठ केला असणार. शोची फाइल काढताना सॅम्पल रेट बघितला का? माझ्याकडे सगळं ४८ वर असतं.

---

अर्धीमात्रा

बघितला होता, सगळं ४८ आहे.

थांबा. पायांच्या आवाजाचा भाग मी वेगळ्या प्रोजेक्टमधून काढला होता. तो ४४.१ निघाला 🙈 परत काढते.